वॉचटॉवरचा ‘कंट्रोल अँड रेझिस्टन्स’ आणि अमीर खाँसाहेब: हिशेब ऐकू आला तर बिघडतं का?

रामबागेतला नग (इंदूर)

हेवी मेटलवर (रॉक संगीताचा कर्कश प्रकार) मराठीत चर्चेचा धागा काढला की पहिला प्रतिसाद ‘हे गाणं की भांडण?’ असा येतो. ज्यांना द्यायचा आहे त्यांनी देऊन मोकळं व्हावं, म्हणजे पुढचं बोलता येईल.

वॉचटॉवर हा अमेरिकेतल्या टेक्सस राज्यातला, ऑस्टिन शहरातला बँड. ‘कंट्रोल अँड रेझिस्टन्स’ हा त्यांचा दुसरा अल्बम, १९८९चा. काढला जर्मनीच्या नॉइज रेकॉर्ड्सने, ध्वनिमुद्रण बर्लिनमध्ये, तेही भिंत पडली त्याच वर्षी. आठ गाणी, चाळीसेक मिनिटं. नव्वदच्या कॅसेटच्या एका बाजूत अख्खा मावायचा. मेटॅलिका या बँडचा ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ पासष्ट मिनिटांचा, तो भरताना मधेच बाजू संपायची आणि नेमकं चांगलं गाणं तुटायचं. (कॅसेटी भरून घेणारी पिढी इथे अजून शिल्लक असावी.)

हा बँड मेटलच्या थ्रॅश या प्रकारातला. थ्रॅश म्हणजे तारा तळहाताच्या कडेने दाबून भरधाव वाजवलेली गिटार, खाली दोन पायांनी धडाडणारा ड्रम, आणि मोजणी बहुतेक वेळा सरळ चारची. वॉचटॉवरने वेग तोच ठेवला आणि चारचं घर मोडून टाकलं. गिटारला रॉन जार्झोम्बेक, बासला डग कायसर, ड्रमला रिक कोलालूका, गायला अ‍ॅलन टेकियो. पहिल्या अल्बमच्या (‘एनर्जेटिक डिसअसेंब्ली’, १९८५) वेळी गायक आणि गिटारवाला वेगळे होते. बास आणि ड्रमची जोडी मात्र तीच, आणि माझ्या मते खरा बँड तीच जोडी आहे.

नव्याने ऐकणाऱ्याने गिटारच्या मागे जाऊ नये, फरफट होते. पहिल्यांदा फक्त बास ऐका. थ्रॅशमध्ये बास बिचारा गिटारच्या सावलीत तेच वाजवत असतो. ‘जस्टिस’मध्ये तर तो मिक्समध्ये इतका खाली दाबला की बासवाला जेसन न्यूस्टेड त्या अल्बमवर आहे हे मुखपृष्ठ वाचूनच कळावं. कायसर बोटांनी वाजवतो, गिटार थांबते तिथे बोलतो, आणि दोघं एकत्र असतात तेव्हाही बऱ्याचदा वेगळंच काही सांगत असतो. बास पाठ झाला की ड्रम ऐका. मग गिटार आपोआप उलगडते.

आता धाग्याचं खरं कारण. परवा इथेच कुणीतरी लिहिलं होतं की असलं संगीत म्हणजे कोरडा हिशेब, त्यात भाव नाही. मी इंदूरचा आहे. ज्या गवयाचं नाव काढल्यावर आमच्याकडची जुनी माणसं कानाला हात लावतात, त्या उस्ताद अमीर खाँसाहेबांनी आपली गायकी मेरुखंडावर उभी केली. मेरुखंड म्हणजे उघड उघड क्रमचय, तेच स्वर उलटसुलट क्रमांत मांडणं: ४ स्वर घ्या, २४ मांडण्या होतात, ७ घ्या, ५,०४० होतात. शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकरा’त हे मांडून ठेवलं आहे. याहून कोरडा हिशेब कोणता? तरी खाँसाहेबांना कुणी कोरडं म्हणत नाही, कारण त्यांनी तो हिशेब अतिविलंबित (अगदी संथ) झुमरा तालात असा पसरला की ऐकणाऱ्याला आकडे दिसतच नाहीत. वॉचटॉवर आकडे तोंडावर फेकतात. फरक मला एवढाच दिसतो. हिशेब लपवला तर कला आणि दाखवला तर कसरत, असं असतं का?

---

चिवडा_नमकीन

हे गाणं की भांडण?

(दिला. आता बोला.)

---

इंजिनियर_बाबू (पुणे)

वाखु (वाचनखूण) साठवली. एक शंका. हे आपल्या तालांत मोजता येईल ना? ७ आला की रूपक, १० आला की झपताल, १४ आला की धमार. कुणीतरी पूर्ण अल्बमचा तक्ता करून टाका, माझ्यासारख्यांची सोय होईल.

---

चाट_आणि_मैदान (बडोदे)

बाबू, तक्ता करू नका, बसणार नाही. मी तबल्याचा विद्यार्थी आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

ताल म्हणजे मात्रांची बेरीज नव्हे. झुमरा १४ मात्रांचा आणि धमारही १४चाच. पण झुमऱ्याचे विभाग ३-४-३-४ आणि धमाराचे ५-२-३-४. ठेका वेगळा, वजन वेगळं, चालणं वेगळं. झुमऱ्यातला ख्याल धमारात बसवून दाखवा, मी शिष्यत्व पत्करतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आवर्तन. गवई कुठेही भटकला तरी तबलजी तेच १४ पुन्हा पुन्हा वाजवत राहतो. म्हणून सम (आवर्तनाची पहिली मात्रा) जवळ आली की सभागृहात शेवटच्या रांगेतल्या माणसाचीही मान हलते.

वॉचटॉवरमध्ये असं घर नाही. धागाकर्त्याचं वाचून दोन दिवस तेच ऐकत होतो. गिटारचा जो तुकडा चालू आहे त्याची लांबी हीच त्या क्षणाची मोजणी. तुकडा बदलला, मोजणी बदलली. जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसा पाय हवेत राहतो. याला रूपक म्हणायचं तर रूपकाची ‘खाली’ (टाळीऐवजी हात मोकळा सोडायची जागा) कुठे आहे ते दाखवा.

पण एका जागी मला ओळखीचं वाटलं, आणि ते तालात नाही, तिहाईत आहे. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं. साधी बघा: १६ मात्रांच्या त्रितालात ५ मात्रांचा पल्ला (तुकडा) तीनदा, मध्ये एकेका मात्रेचा दम (विराम). १५ अधिक २, झाले १७. समेवरून उचलली की शेवटचा ‘धा’ बरोबर पुढच्या समेवर. मधल्या दोन पल्ल्यांत ऐकणाऱ्याला वाटतं की गाडी रुळावरून गेली. हे लोक त्याच जातीचा खेळ करतात. समजा ड्रम १६ धरून आहे आणि गिटारचा तुकडा ७चा आहे. चारदा वाजवला की २८. वर ४ची शेपटी लावली की ३२, म्हणजे ड्रमचे दोन फेरे पुरे. मधल्या काळात दोघं एकमेकांना ओळखत नाहीत, शेवटी एका ठोक्यावर भेटतात. (हा माझा समजावण्यापुरता नमुना आहे, अमुक गाण्याचं स्वरलेखन नाही.)

त्यामुळे ख्यालाशी तुलना मला पटत नाही. तुलना करायचीच तर एकल तबल्याशी करा. परण, चक्रदार, फर्माइशी या तबल्यातल्या रचना: हे सगळं आधी रचलेलं, हिशेब उघडा, आणि हिशेबालाच दाद. तिथे कुणी ‘भाव कुठे आहे’ असं विचारत नाही.

तक्रार एकच. आमच्याकडे समेवर आल्यावर ‘क्या बात है’ म्हणायला एक श्वास मिळतो. हे लोक तो श्वास देत नाहीत. भेटले रे भेटले की पुढचं सुरू.

---

रामबागेतला नग (इंदूर)

दादा, दंडवत. एकल तबल्याचं डोक्यात आलं नव्हतं आणि ते चपखल आहे. पण श्वासाचं बोलायचं तर तो दुसऱ्या-तिसऱ्या ऐकण्यात मिळतो. हे ध्वनिमुद्रणासाठीच रचलेलं संगीत आहे, बैठकीसाठी नाही. रेकॉर्ड परत लावता येते हे गृहीत धरून लिहिलेलं.

---

सपाट_तान (ग्वाल्हेर)

भाच्याच्या हेडफोनवर दोन गाणी ऐकली. वय बघता हे शौर्य समजावं.

पहिली गोष्ट, तो गाणारा मनुष्य. एवढ्या वरच्या पट्टीत सतत ओरडायचं काय कारण? आमच्या ग्वाल्हेरच्या अष्टांग गायकीत तारसप्तकात जायचं ते जाण्याचं काम असेल तर. हा तिथेच बिऱ्हाड करून राहिला आहे. वाद्यवाले तिघं मात्र तयारीचे आहेत, हे कबूल करते. रियाझ लपत नाही.

दुसरी गोष्ट जरा गंभीर. मेरुखंडाची तुलना तुम्ही फार सहज केलीत, बाळ. ५,०४० ही कागदावरची संख्या. रागात उतरलात की त्यातल्या बहुतेक मांडण्या फेकून द्याव्या लागतात. मारव्यात पंचमच नाही, तर पंचमाच्या सगळ्या गेल्या. एखाद्या रागात आरोहात गंधार वर्ज्य, तर त्या मार्गाने जाणाऱ्या गेल्या. चलन वक्र असेल तर आणखी गेल्या. उरतात त्यांतून पुन्हा रागाचं रूप बिघडवणाऱ्या गेल्या. खाँसाहेबांचं मोठेपण ५,०४० म्हणण्यात नव्हतं, कुठल्या म्हणायच्या नाहीत हे जाणण्यात होतं. तुमच्या त्या गिटारवाल्याला कोण अडवतं? त्याची चाळणी कोणती?

---

अनवट_६४

मावशींना +१००. चाळणीचा प्रश्न लाख मोलाचा.

पण ‘हिशेब लपवला’ हे धागाकर्त्याचं विधान मला मान्य नाही. खाँसाहेब लपवतात कुठे? त्यांची सरगम ऐका. स्वरांची नावं घेऊन तेच स्वर उलटसुलट फिरवतात, आकडे अक्षरशः वाचून दाखवल्यासारखे. लय एवढी संथ की लपवायला आडोसाच नाही. त्यांना मेरुखंडाचा नाद लावणारे भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ आणि खाँसाहेबांचे वडील शाहमीर खाँ, जे होळकरांच्या पदरी होते, यांच्याकडे हे उघड शास्त्र होतं. त्यामुळे ‘लपवलेला विरुद्ध दाखवलेला’ ही विभागणीच कच्ची आहे. हिशेब दोन्हीकडे दिसतो. एकीकडे तो दिसायला वेळ मिळतो, एवढंच.

---

रामबागेतला नग (इंदूर)

मावशी, दोन दिवस तुमच्या प्रश्नावर अडकलो आहे.

पहिली चाळणी म्हणजे बाकीचे तिघं. एकट्या गिटारवाल्याला हवं ते लिहिता येतं, पण ते या वेगात बास आणि ड्रमबरोबर एका ठोक्यावर उतरवायचं तर बरंच गाळावं लागतं. दुसरी चाळणी, तुम्हाला न आवडलेला गायक. शब्द म्हणायचे आहेत, त्यामुळे काही ओळींपुरतं तरी घर धरावं लागतं. गाणी ऐकताना लक्षात येतं की टेकियो गात असतो तेव्हा वाद्यं त्यातल्या त्यात मवाळ असतात आणि तो थांबला की सुटतात.

याचा उलटा पुरावाही आहे. जार्झोम्बेकने पुढे बारा स्वरांची पद्धत अंगीकारली: सप्तकातले बाराही स्वर वापरायचे, ते गटांत वाटायचे, आणि त्या वाटणीतून तुकडे काढायचे. ब्लॉटेड सायन्स या त्याच्या बँडचा २००७चा अल्बम त्याच धर्तीवर आहे, आणि तिथे गायक नाही. मला तो अल्बम बुद्धीला आवडतो, पण परत लावावासा वाटत नाही. ‘कंट्रोल अँड रेझिस्टन्स’ वाटतो. तर तुमची चाळणीची गोष्ट खरी असावी.

अनवट, सरगमेचं मान्य.

---

काडेपेटी

एवढं सगळं वाचून एकच कळलं की जे ऐकायला त्रास होतो त्याला इथे थोर म्हणतात. कौशल्य दाखवणं म्हणजे सर्कस. दोरीवर चालणाऱ्याला टाळ्या मिळतात, पण म्हणून ते काव्य होत नाही. पळा आता.

---

चिवडा_नमकीन

काय भिया, काडी टाकून पळता काय. थांबा, बसा. सर्कस चाळीस मिनिटं कुणी परत परत बघतं का?

---

पीथमपूर_पॅसेंजर (इंदूर)

तुम्ही सगळे मात्रा मोजताय म्हणून शब्दांकडे वळवतो. तिसरं गाणं, ‘मेडे इन कीव्ह’. चेर्नोबिलवर आहे. २६ एप्रिल १९८६च्या पहाटे अणुभट्टीचा स्फोट झाला. कीव्ह तिथून शंभरेक किलोमीटर. लोकांना धड काही सांगितलं नाही आणि १ मे रोजी कामगार दिनाचं संचलन ठरल्याप्रमाणे झालं, मुलांसकट. शीर्षकात मे दिनही आहे आणि विमानवाल्यांची संकटातली हाकही. इंग्रजीत दोन्ही एकच.

आम्ही हे गाणं भोपाळपासून दोनशे किलोमीटरांच्या आत बसून ऐकतो. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधली रात्र ज्यांच्या नातेवाइकांनी पाहिली अशी माणसं इंदुरात गल्लोगल्ली आहेत. आणि आता ते फक्त भोपाळचंही राहिलेलं नाही. २०२५च्या जानेवारीत युनियन कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन कचरा बारा कंटेनरांतून रातोरात आमच्या शेजारी पीथमपूरला आणला, जाळण्यासाठी. लोक रस्त्यावर उतरले होते, कोर्टकचेऱ्या झाल्या. त्या आठवड्यात मी रोज कंपनीच्या बसमध्ये हेच गाणं लावत होतो. भाव नाही म्हणणाऱ्यांनी त्या बसमध्ये बसून ऐकावं.

आणि संगीताचा संबंध आहेच. सरळ चारच्या ठोक्यावर हेच शब्द संचलनाचं गाणं झाले असते. कुठे पाय टाकावा ते कळत नाही म्हणूनच ते गाणं संचलनाच्या विरुद्ध उभं राहतं.

---

चाट_आणि_मैदान (बडोदे)

शेवटच्या दोन वाक्यांना सलाम. हे मला तबल्याच्या बाजूने दिसलं नसतं.

---

काडेपेटी

पळालो नाही. हे गाणं ऐकलं. बाकी मत तसंच, पण हे ठीक आहे.

---

इंजिनियर_बाबू (पुणे)

ज्यांना आवडलं त्यांच्यासाठी पुढची यादी? माझं ज्ञान ड्रीम थिएटरवर संपतं.

---

रामबागेतला नग (इंदूर)

ड्रीम थिएटरचा पहिला अल्बमही १९८९चाच, म्हणजे तुम्ही शेजारच्याच घरात होता. त्याच वर्षात राहायचं तर स्वित्झर्लंडच्या कोरोनरचा ‘नो मोअर कलर’ घ्या, तोही नॉइजचाच. तिघांचा बँड, गिटारची तान मावशींना चालेल इतकी स्वच्छ. कॅनडाच्या वॉइव्हॉडचा ‘नथिंगफेस’ पण १९८९. तिथे वेग कमी आणि सुरावटी विचित्र; पिंक फ्लॉइडचं एक गाणं त्यांनी आपल्या पद्धतीने वाजवलं आहे, तिथून सुरू करा. नव्यांत व्हेक्टरचा ‘टर्मिनल रीडक्स’ (२०१६). सत्तर मिनिटांच्या वर आहे, एका बैठकीत ऐकू नका.

वॉचटॉवरचा स्वतःचा तिसरा अल्बम वर्षानुवर्षं येणार येणार म्हणून राहिला. ‘मॅथमॅटिक्स’ असं नावही ठरलेलं होतं. मधे जार्झोम्बेकच्या हातावर शस्त्रक्रिया झाल्या. अखेर २०१६मध्ये ‘कॉन्सेप्ट्स ऑफ मॅथ: बुक वन’ नावाचा पाच गाण्यांचा छोटेखानी ऐवज आला. नावावरून कळेलच की हिशेब लपवायचा त्यांचा विचार कधीच नव्हता.

अवांतर: मेटल इंदुरात कुठून आलं असं मागे एकाने हिणवून विचारलं होतं. निकोटीन हा बँड इंदूरचाच आणि २००६ पासूनचा. मध्य भारतात मेटलचे कार्यक्रम उभे करण्यात त्यांचा हात मोठा आहे.

---

अनवट_६४

पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा). पण चाळणीच्या प्रश्नाला अजून पुरं उत्तर आलेलं नाही असं माझं मत. ‘बाकीचे तिघं अडवतात’ ही व्यवहाराची अडचण झाली, सौंदर्याचा नियम नव्हे. राग जे नाकारतो ते गाता येत नाही म्हणून नाकारत नाही.

---

चाट_आणि_मैदान (बडोदे)

अनवट, तबल्यातही तेच आहे की. ‘धिरधिर’ हा बोल अमुक वेगाच्या पुढे हाताला जात नाही म्हणून बोलांचा निकास (ते हाताने काढायची पद्धत) बदलला, आणि तो बदललेला निकास पुढे घराण्याची ओळख झाला. हाताची अडचण पिढी-दोन पिढ्यांत सौंदर्याचा नियम होऊन बसते. वॉचटॉवरला तेवढ्या पिढ्या मिळालेल्या नाहीत.

---

अनवट_६४

हे मान्य करायला जड जातंय, पण खोडता येत नाहीये.

---

सपाट_तान (ग्वाल्हेर)

तुमचं चालू द्या. मला एवढंच सांगा, या गिटारवाल्याचं असं काही आहे का ज्यात तो ओरडणारा मनुष्य नाही, आणि ते बारा स्वरांचं गणितही नाही?

---

रामबागेतला नग (इंदूर)

आहे, मावशी. स्पॅस्टिक इंक नावाचा त्याचा बँड, ‘इंक कम्प्लीट’, १९९७. ड्रमवर त्याचा सख्खा भाऊ बॉबी. त्यात ‘अ वाइल्ड हेअर’ म्हणून एक तुकडा आहे: ‘बॅम्बी’ चित्रपटातल्या सशाचं बोलणं आणि उड्या मारणं, त्यावर गिटार आणि ड्रम अक्षर न् अक्षर बसवले आहेत. ससा अडखळला की तेही अडखळतात. मोजणी विचारू नका, मोजणी सशाची आहे.

---

सपाट_तान (ग्वाल्हेर)

सशाचं पाठवा. भाचा शनिवारी येतो आहे.